ओहायोची सून, फाल्ट्सचं घर

जर्मनीच्या नैर्ऋत्येला फाल्ट्स नावाचा प्रदेश आहे. तिथल्या द्राक्षगावांना जोडत जाणारा 'जर्मन वाइन मार्ग' १९३५ साली आखला गेला. बॉकेनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वाइगेनपर्यंत तो सुमारे ८५ किलोमीटर आहे. या मार्गावरच्या एका गावात मी राहते, आणि माझ्या शेजारच्या दगडी कमानीच्या वाड्यात एक अमेरिकन सून नांदते. ती ओहायोची. इथून अर्ध्या-पाऊण तासावर कायझरस्लाउटर्न आणि रामश्टाइनच्या परिसरात अमेरिकेचे लष्करी तळ आहेत, सुमारे पन्नास हजार अमेरिकन माणसं तिथे राहतात. त्यांच्या मुलांच्या शाळेत ती शिक्षिका म्हणून आली, इथल्या द्राक्षबागायतदाराच्या मुलाशी तिचं लग्न झालं, आणि तळावरची नोकरी सोडून ती तळघराच्या कामाला लागली.

सुनेने घर शिकावं, अशी अपेक्षा सगळीकडेच असते. घराने सून किती शिकून घेतली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिच्याकडे पाहताना मला हा प्रश्न नेहमी पडतो. तिचा एक कामाचा दिवस इथे देते, थोडा मी पाहिलेला, बराचसा तिने सांगितलेला. दिवस मुद्दाम निवडला आहे: ११ नोव्हेंबर, मंगळवार. या एका तारखेत तिच्या माहेरचंही काही आहे आणि सासरचंही.

पहाटे ५.४५

घरातला पहिला आवाज खिडक्यांचा. नोव्हेंबर असो की जानेवारी, इथे सकाळी खिडक्या सताड उघडतात आणि पाच-दहा मिनिटं खोल्यांतली हवा पार बदलून घेतात. घट्ट बंद घरात दमटपणा साचला की भिंतींना बुरशी धरते. ओहायोत तिच्या माहेरी गरम हवा नळ्यांतून खोल्याखोल्यांत खेळायची. थंडीत खिडकी उघडली की वडील ओरडायचे. इथे तिचा हात आपोआप कडीकडे जातो.

मग तळघर. ऑक्टोबरमध्ये तोडणी संपली, पण रीसलिंग द्राक्षांच्या दोन टाक्या अजून आंबताहेत. द्राक्षरस आंबताना साखरेचा अल्कोहोल होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका लिटर रसातून चाळीस लिटरांहून जास्त. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, आणि त्याला वास नसतो. जुनी माणसं मेणबत्ती घेऊन तळघरात उतरत आणि ज्योत मंदावली की मागे फिरत. आता भिंतीवर इशारा देणारं यंत्र आहे. ती आधी पंखा लावते, यंत्राचा आकडा बघते, मगच पायऱ्या उतरते. नवरा टाकीच्या तोटीतून पेलाभर काढतो, दोघं चव घेतात. "अजून दोन दिवस," ती म्हणते. तो मान डोलावतो. टाकी थंड कधी करायची आणि आंबवणं कुठे थांबवायचं, यात आता तिच्या चवीचंही चालतं. सासऱ्यांनी तिला चव घ्यायला शिकवली ती अशीच, पहाटे, कमी बोलून.

सकाळी ६.३०

बेकरीतून पाव येतो, सोबत आज साखर लावलेली मोठी गोड ब्रेत्सेल. आज संत मार्टिनचा दिवस. लेक दुसरीत आहे. तिच्या डब्यात बटर-चीजचा पाव, सफरचंदाच्या फोडी आणि गाजर. इथल्या प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीचा डबा असाच कोरडा असतो.

साडेसातला उजाडत असतं. लेक चमकता पट्टा घालून, शेजारच्या दोन मुलांबरोबर चालत निघते. आई सोबत नाही. जर्मनीत पहिली-दुसरीतली मुलंही बऱ्याचदा शाळेत पायी जातात. पालकांनी गाडीतून दारात सोडू नये असं शाळाच सांगतात. ओहायोत ती स्वतः पिवळ्या बसने गेली होती, आणि एवढी मुलगी एकटी रस्त्यावर दिसली असती तर शेजाऱ्यांनी फोन केला असता. पहिल्या वर्षी सासूबाई तिच्या शेजारी फाटकात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लेकीला त्यांनी सगळ्या रस्त्यावर दोन ठिकाणं दाखवून ठेवली होती, काही लागलं तर बेल वाजवायची अशी. त्या ठिकाणांपैकी एक माझं घर आहे.

सकाळी ८.००

ऑफिस म्हणजे जुना गोठा. भिंती दीड हात जाड, आत संगणक, लेबलांची खोकी, बाटल्यांचे नमुने. घरातला सगळा परदेशी व्यवहार तिच्याकडे. फाल्ट्समध्ये सुमारे २३ हजार हेक्टर द्राक्षबागा आहेत. ऱ्हाइनहेसनच्या खालोखाल जर्मनीतला हा दुसरा मोठा द्राक्षप्रदेश. एवढ्या गर्दीत एका कुटुंबाची बाटली अमेरिकेच्या दुकानापर्यंत पोचवायची तर कागद चोख लागतो. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर आरोग्याचा सरकारी इशारा ठरलेल्या शब्दांत छापावा लागतो, १९८८ च्या कायद्याप्रमाणे. सल्फाइट असल्याचा उल्लेख वेगळा. लेबलाला तिकडच्या अर्थखात्याच्या विभागाची मंजुरी हवी. ती मसुदा आयातदाराला पाठवते, अक्षरांची उंची मोजते, पुन्हा पाठवते. सासरे म्हणतात, ती आल्यापासून एकही खेप लेबलामुळे परत आलेली नाही.

पण शेवटी बँकेतून पैसे द्यायचे तेव्हा नवऱ्याला हाक मारावी लागते. फर्मच्या खात्यावर तिची सही चालत नाही. त्याचं कारण दुपारी येईल.

सकाळी ११.००

ती संगणकाचा पडदा मिटते आणि अंगणात येऊन उभी राहते.

१९१८ साली याच दिवशी, याच वेळी पहिलं महायुद्ध थांबलं. अमेरिकेत हा दिवस १९५४ पासून सगळ्या माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात. टपाल बंद, बँका बंद, छोट्या गावांतून संचलन. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन फौजा फाल्ट्समधून ऱ्हाइनकडे सरकल्या, त्यांत तेही होते. नातीचं लग्न ज्या प्रदेशात झालं, तिथून ते विशीत बंदूक घेऊन चालत गेले होते. लहानपणी ती या दिवशी त्यांचा हात धरून संचलनाला जायची.

जर्मनीत या तारखेला युद्धाचं नावही निघत नाही. आपल्या मृतांची आठवण ते पुढच्या रविवारी काढतील. त्या दिवशी चर्चजवळच्या दगडावर पुष्पचक्र ठेवतील. त्या दगडावर सासऱ्यांच्या दोन काकांची नावं आहेत. आजच्या तारखेला इथे वेगळंच असतं: अकरा वाजून अकरा मिनिटांनी कार्निव्हलच्या मोसमाची सुरुवात. तासाभराच्या अंतरावर माइन्त्समध्ये चौकात हजारो माणसं रंगीत टोप्या घालून जमतात आणि विदूषकांच्या संविधानाची अकरा कलमं वाचून दाखवली जातात. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तेच चाललंय.

सासरे अंगणातून जाताना तिला पाहतात. रेडिओ बंद करायला आत जातात, आणि परत येऊन तिच्या बाजूला उभे राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी आजोबांबद्दल विचारलं होतं: कोणत्या तुकडीत, कोणत्या वाटेने. नकाशा मांडून दोघांनी ती वाट शोधली. ती वाट त्यांच्याच बागांच्या कडेने गेली असण्याची शक्यता आहे. तेव्हापासून ११ नोव्हेंबरला ते असे येऊन उभे राहतात. आणि रविवारी ती त्या दगडापाशी त्यांच्या बाजूला उभी राहील. दोन्ही बाजूंच्या मृतांना एकाच घरात जागा देणं सोपं नसतं. हे घर ते करतं, म्हणून मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

दुपारी १२.००

चर्चच्या घंटा झाल्या की गावाचं जेवण. लेक शाळेतून येते, नवरा बागेतून. दिवसातलं गरम जेवण हेच, आणि ते खाली सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. लेक त्यांना ओमा म्हणते, सासऱ्यांना ओपा; आता सगळं घरच तसं म्हणतं, सूनसुद्धा. आज बटाट्याचं सूप आणि त्याच्यासोबत आंबटगोड प्लमचा केक. सूप आणि केक एकाच वेळी, एका घासानंतर दुसरा. फाल्ट्समधली ही जुनी जोडी आहे.

अमेरिकेशी इथलं नातंही जुनंच. अठराव्या शतकात इथली हजारो माणसं गरिबीला कंटाळून अमेरिकेला गेली. पेनसिल्व्हेनियात त्यांची बोली अजून बोलली जाते. पुढे जवळच्या कालष्टाट गावातून हाइन्त्स केचपवाल्यांचे वडील गेले, आणि १८८५ साली सोळा वर्षांचा फ्रीडरिश ट्रम्पही गेला, आत्ताच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे आजोबा. म्हणजे या वाटेने माणसं जायची. ही उलट आली. ओपा पाहुण्यांना हे अभिमानाने सांगतात.

"ओमा, टर्की सांगितलीस का खाटकाला?" ती विचारते.

"सांगितली. सात किलोच्या आतली. मागच्या वेळी ओव्हनचं दार लागत नव्हतं," ओमा म्हणतात. "आणि तो विचारत होता, नाताळ तर अजून लांब आहे."

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं. १९४१ च्या कायद्याने तसं ठरलंय. इथे तो गुरुवार कामाचा, म्हणून या घरात जेवण शनिवारी होतं. भोपळ्याच्या गोड पायला लागणारा डब्यातला गर गावात मिळत नाही; ओमा बागेतले नारिंगी होक्काइदो भोपळे वाफवून, गाळून, डबे भरून ठेवतात. ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

दुपारी १.३०

तीनपर्यंत गावात शांतता. गवत कापायचं यंत्र नाही, ड्रिल नाही. ओपा झोपतात, लेक गृहपाठ करते, आणि ही वरच्या खोलीत आपली फाइल काढते. घरात बाकी कुणाच्याच नशिबी नसलेलं काम इथे सुरू होतं.

अमेरिका आपल्या नागरिकांकडून ते जगात कुठेही राहिले तरी कराचा हिशोब मागते. बहुतेक देश राहण्याच्या जागेवरून कर लावतात. नागरिकत्वावरून मागणारे अमेरिका आणि एरिट्रिया. जर्मनीत कर भरल्यामुळे तिकडे बहुधा काही भरावं लागत नाही, पण विवरणपत्र दरवर्षी भरावंच लागतं. शिवाय परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खातं वेगळं कळवायचं. ज्या खात्यावर नुसता सहीचा अधिकार आहे, तेही. २०१० च्या कायद्यानंतर परदेशी बँकांनाही अमेरिकन खातेदारांची माहिती द्यावी लागते, म्हणून कित्येक बँका अशा ग्राहकांना गुंतवणुकीची खाती द्यायला तयार नसतात.

फर्मच्या खात्यावर तिची सही नाही, ती यामुळे. आणि फर्मच्या भागीदारीत तिचं नाव नाही, तेही यामुळे. भागीदार झाली तर ओपांच्या, दिराच्या, सगळ्यांच्या हिशोबाची काही पानं अमेरिकेच्या करखात्यापुढे मांडावी लागू शकतात. लग्नानंतर सल्लागाराने सांगितलं, नको. तिनेही मान्य केलं. छाटणी ती करते, चव तिची, लेबल तिचं, ग्राहक तिचे; कागदावर ती कामगार.

जर्मनीने २०२४ च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्व सगळ्यांना खुलं केलं. तिने अर्ज केलाय. परीक्षेत ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. ती सहज पास झाली. पण जर्मन झाली तरी अमेरिकन ती राहणारच, आणि फाइलही राहणार. अमेरिकेचं नागरिकत्व सोडून का देत नाहीस, असं लोक तिला सहज विचारतात. तिची आई तिकडे एकटी आहे, लेकीचा तिकडचा हक्क आहे, आणि तो तिचा देश आहे. एवढी कारणं पुरेशी नाहीत का?

दुपारी ३.००

कॉफीचा एक कप उभ्याने, आणि बागेत. पानं गळू लागलीत, अजून खरी छाटणी सुरू व्हायची आहे, पण मोडके खांब आणि सैल तारा आत्ताच बघाव्या लागतात. आपल्या नाशिककडे वर्षातून दोनदा छाटणी होते; इथे वेल थंडीत झोपतो आणि एकदाच छाटतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एका वेलावर एक किंवा दोन काड्या ठेवायच्या, बाकी सगळं काढायचं. कोणती काडी ठेवायची, यावर पुढच्या वर्षाचंच काय, त्यापुढच्या वर्षाचंही पीक ठरतं. ती दोन ओळींवर लाल फीत बांधत जाते: ओपांना गुडघ्यांमुळे जमणार नाहीत अशा उताराच्या ओळी. त्या ती स्वतःकडे घेईल. त्यांना हे कळलंय, पण ते बोलत नाहीत. पावणेपाचला सूर्य मावळतो.

संध्याकाळी ५.३०

शाळेच्या मैदानात कंदील. लेकीने वर्गात केलेला कोल्ह्याचा आहे, कागदाचा, आत छोटा दिवा. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला रोमन शिपाई, मागे मुलं गात गात, आणि चौकाचौकांत अग्निशमन दलाचे गावकरी स्वयंसेवक वाहतूक अडवून उभे. मार्टिन रोमन सैन्यात होता. कडाक्याच्या थंडीत वेशीवरच्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा अर्धा कापून दिला, अशी गोष्ट. पुढे त्याने सैन्य सोडलं, तूर शहराचा बिशप झाला, आणि ११ नोव्हेंबर ३९७ ला त्याचं दफन झालं.

ती कुटुंबाच्या गाड्यावर उभी आहे. मोठ्यांना मसाल्याची गरम वाइन, मुलांना गरम द्राक्षरस. पेले तिचा नवरा आणि दीर धुताहेत असं म्हणायला हवं, पण धुतोय एकटा नवराच. दीर अग्निशमन दलाच्या गणवेशात चौकात आहे. मी रांगेत आहे. पुढच्या एका आजीबाईंनी तिला विचारलं, "तुमच्याकडे काय असतं गं आजच्या दिवशी?"

"आमच्याकडेही आज शिपायांचाच दिवस," ती म्हणाली, आणि पेला भरता भरता तिने आजोबांची गोष्ट सांगितली. १९४५ साली त्या आजीबाई सहा वर्षांच्या होत्या. अमेरिकन रणगाडे गावात शिरले तेव्हा त्या तळघरात होत्या, असं त्या म्हणाल्या. पाठीमागची रांग थांबली, कुणी घाई केली नाही.

संध्याकाळी ७.१५

रात्रीचं जेवण थंड: पाव, चीज, लिव्हरचं सॉसेज, काकडीचं लोणचं, मुळा. आज ते ओमांकडेच मांडलंय, कारण ओपांना बोलायचंय.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार. फर्मची भागीदारी नव्याने लिहिली जाईल. ते म्हणाले, "दोन्ही मुलगे आहेत त्यात. आणि तू."

नवऱ्याने कराचा विषय काढला. ओपांनी हाताने थांबवलं. त्यांनी फ्रांकफुर्टमधल्या एका सल्लागाराशी बोलणं केलं होतं, दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या. नाव लावता येतं. दरवर्षी जास्तीचे कागद भरावे लागतील, त्याची फी भरावी लागेल, आणि हिशोब तिकडे दाखवावा लागेल.

"दरवर्षी?" दिराने विचारलं.

"नव्या दाबयंत्राला केवढे घातले आपण," ओमा म्हणाल्या. "त्याला चव घेता येते का?"

दीर हसला आणि म्हणाला, मग सल्लागाराकडे मीही येतो, मलाही कळायला हवं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे आकडे आधी बघा. मग हो म्हणा." शिक्षिका होती ती, तिला कच्चं काम चालत नाही.

रात्री ८.४५

ओहायोत दुपारचे पावणेतीन. आई व्हिडिओवर. संचलन झालं, या वर्षी थोडकीच माणसं होती, शेजाऱ्याने गाडीतून नेलं. गुडघ्याचं इंजेक्शन गुरुवारी. लेक कोल्ह्याचा कंदील पडद्यासमोर नाचवते, आजीशी इंग्रजीत बोलते, मधेच ओमाला जर्मनमध्ये हाक मारते. ओमा येऊन बसतात. दोन्ही विहिणींना एकमेकींची भाषा येत नाही. ओमा भोपळ्याचे डबे दाखवतात, समोरून टाळ्या येतात. मार्चमध्ये छाटणी संपली की ती लेकीला घेऊन महिनाभर आईकडे जाणार आहे. त्या महिन्यात ऑफिस कोण बघेल, हे आज रात्री पहिल्यांदाच ठरलं: दीर. उद्यापासून रोज एक तास तो तिच्याकडे लेबलांचं काम शिकायला बसेल.

रात्री १०.००

गावाची शांततेची वेळ सुरू होते, सकाळी सहापर्यंत. तळघरात शेवटची फेरी, यंत्राचा आकडा, टाकीचं तापमान. तापमान ती वहीत लिहिते आणि खाली सही करते.

दुसऱ्या देशात लग्न करून गेलेल्या माणसाला आपण एकच विचारतो: रुळलीस का? जेवण जमलं का, भाषा आली का, थंडी सोसते का? प्रश्न आपुलकीचा असतो, पण रुळण्याचं सगळं काम तो एकाच माणसावर टाकतो. ती पहाटे खिडक्या उघडते, सूपाबरोबर केक खाते, रविवारी परक्या मृतांसाठी दगडापाशी उभी राहते. तिने तिचं काम केव्हाच केलंय. या घराने त्याची दुसरी बाजू उचलली. सासऱ्यांनी तिच्या आजोबांची वाट शोधली, सासूने भोपळे गाळले, आणि आता सगळे मिळून तिच्या देशाचे किचकट कागद अंगावर घेताहेत, पैसे मोजून, आपला हिशोब उघडा करून. परक्या घरातून आलेल्या माणसाला आपलं म्हणण्याची किंमत असते. ती किंमत घराने भरली पाहिजे, आणि हे घर ती भरतंय, हे मला नाव न घेता का होईना, पण लिहून ठेवावंसं वाटलं.